येगळं ठिवलंय

शब्द त्याला उद्देशून नव्हता, म्हणूनच तो टोचला. समोर बसलेल्या माणसाशी कुणीही गोड बोलतं. खरं बोलणं दाराआड चालतं, अशी संघपालची जुनी समजूत होती, आणि ती खोटी ठरावी असं आयुष्यात फारसं काही घडलं नव्हतं. बुधवारी कंपनी सुटल्यावर तो बारामतीहून स्कूटरनं सणसरला आला, दादासोच्या दारात चपला काढायला वाकला, आणि आतून दादासोच्या आईचा, तानूबाईंचा आवाज आला. "संघपालचं येगळं ठिवलंय न्हवं?" मग दादासोचा आवाज, तोंडात घास असल्यासारखा. "व्हय आये, येगळंच हाय. मिसळू दीन व्हय?" एवढंच. संघपालचा एक हात चपलेच्या पट्ट्यावर होता, दुसरा भिंतीवर, आणि तो तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं उगाच खोकून घेतलं. तानूबाई पदर सावरत बाहेर आल्या, या वो संघपालराव, बसा तुमी, आत्ता च्या टाकते म्हणाल्या. दाराआड तो संघपाल होता, दारात संघपालराव झाला. दादासोच्या बाकीच्या मित्रांना ही बाई अरे-तुरे करायची, उशिरा आले तर पाठीत धपाटा घालायची. त्याला मात्र 'तुमी'. इतके दिवस तो त्याला मान वाटत होता. आता मानेच्या मागं काहीतरी वळवळल्यासारखं झालं आणि आलेला चहा त्यानं चव न घेता संपवला.

तसं पाहिलं तर वेगळं ठेवण्यासारखं त्या घरात त्याचं एक होतं, ते म्हणजे टायर. तळहातावर मावतील एवढे, रिमोटच्या गाडीचे रबरी टायर. दादासोचा धंदा मंडप डेकोरेशनचा. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे संक्रांतीच्या आगंमागं त्याचे लाल गालिचे शेडमध्ये गुंडाळून पडलेले असायचे. दोन वर्षांमागं पुण्याचा एक क्लब असाच जाड, आखूड लवीचा गालिचा शोधत त्याच्यापर्यंत पोचला. गालिच्यावर शर्यती लावायच्या होत्या त्यांना, या खेळण्याएवढ्या गाड्यांच्या. गालिचा पोचवायला गेलेला दादासो तिथंच खुळावला आणि परत आला तो एक वापरलेली गाडी काखेत मारूनच. मुलंबाळं असलेला बाप्या हातात रिमोट घेऊन शेडमध्ये घिरट्या घालतो म्हणून गावानं हसून घेतलं. संघपालची आणि त्याची ओळख त्याआधीची, कंपनीच्या एका समारंभाच्या मंडपातली. दादासोची बोटं हलकी होती, गाडी तो चालवायचा. टायर संघपालचे. गेल्या साली पुणेकरांसमोर त्यांची गाडी पहिल्याच वळणावर उताणी पडली होती आणि पुणेकर फार सभ्यपणे हसले होते. यंदा शर्यत इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात होती, येत्या रविवारी. म्हणजे हसलेच तर आपल्याच तालुक्यात हसणार. म्हणून दादासोची झोप उडाली होती आणि संघपालनं सगळं लक्ष टायरात घातलं होतं.

गालिच्यावर नवं रबर नुसतं घसरतं. आधी त्याचा कारखान्यातला चकचकीतपणा घालवायचा, पॉलिश पेपरनं हलकं घासायचं. मग गुळगुळीत पांढऱ्या रिमवर टायर चढवून कडेला झटपट चिकटणारा गोंद थेंब थेंब सोडत गोल फिरायचं. आणि शेवटी तेल. हे तेल म्हणजे संघपालचा शोध. पुणेकर परदेशी बाटल्यांतलं काहीबाही लावायचे. त्याचा वास घेताच संघपालला आईचे गुडघे आठवले. गंधपुऱ्याचं तेल, दुसरं काय? बारामतीच्या पेठेतून त्यानं बाटली आणली, त्यात थोडं मशीनचं तेल मिसळलं, आणि जुन्या टूथब्रशनं टायरला लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं. रबर मऊ झालं, गाडी गालिच्याला धरून पळू लागली. पेठेतला दुकानदार दर खेपेला विचारायचा, गुडघा का कंबर? संघपाल म्हणायचा, दोन्ही. पुढच्या टायरला तेल अर्ध्याच भागाला लावायचं, नाहीतर पकड जास्त होते आणि गाडी उलटते, हे तो गेल्या सालच्या फजितीतून शिकला होता. दादासोचे जुने टायर दुसऱ्या तेलाचे होते. एका तेलाचा टायर दुसऱ्या तेलाला लागला की दोन्ही वाया जातात. म्हणजे वेगळं ठेवायलाच हवं. मिसळू द्यायचं नाही, बरोबर. इतकं सरळ होतं सगळं. पण टायरांची चौकशी तानूबाई कशाला करतील? त्यांना तर ती गाडी दिसली की कपाळाला आठी पडायची. त्या बाईचा हात फिरतो तो चुलीपाशी, मांडणीपाशी, कपबशांपाशी.

कंपनीत संघपाल तपासणी खात्यात होता. म्हणजे संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा, असं त्याची बायको मेघना म्हणायची. त्याच्या टेबलावर लोखंडी गेज असायचे, एका टोकाला 'जातं', दुसऱ्या टोकाला 'जात नाही'. भोकात पहिलं टोक गेलं आणि दुसरं अडलं की माल पास. गुरुवारी दिवसभर तो भोकं तपासत होता आणि डोक्यात ते वाक्य तपासत होता. संध्याकाळी त्यानं ते मेघनाला सांगितलं, सहज सांगितल्यासारखं, पायातले मोजे काढता काढता. मेघना शाळेत मराठी शिकवायची. ती म्हणाली, "संघपालचं? कप असता तर 'चा' म्हणाल्या असत्या. टायर असते तर 'चे'." त्याला हायसं वाटलं, आणि लगेच ती म्हणाली, पण त्यांच्या बोलण्यात सगळ्यालाच 'चं' होतं, त्यामुळे 'चं' म्हणजे काहीही. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, इतकी वर्षं जाताय, त्या घरात कधी ताटावर बसलाय का? चहाच पिऊन येता ना? तिनं ते भांडणाच्या सुरात म्हटलं नाही, वहीतली चूक दाखवावी तसं म्हटलं. संघपालनं आठवून पाहिलं. ताटावर बसलेला आठवेना. पण जेवायच्या वेळेला तो तिथं कधी गेलाही नव्हता. का गेला नव्हता? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आपणच ती वेळ टाळत होतो का, हे त्याला सांगता येईना.

तोंड पोळलं होतं त्याच्या बापाचं, आणि चटका बसला होता त्याला. इंदापूरच्या स्टँडसमोर एक चहाचं हॉटेल होतं. संघपाल तेव्हा बापाच्या कमरेला लागायचा. बाप, गंगाराम, नव्या धोतरात होता, कुणाचं तरी लग्न होतं, आणि धम्म घेतल्यापासून तो मान वर करून चालायला शिकला होता. त्यानं बाकड्यावर बसून दोन चहा सांगितले. हॉटेलवाला वाईट माणूस नव्हता, हेच संघपालला आजवर खुपत आलं होतं. तो हसला, हात पुसत जवळ आला आणि अगदी अदबीनं, पाहुण्याला पाट मांडावा तशा आवाजात म्हणाला, "गंगारामभाऊ, तुमचं येगळं ठिवलंय की." आणि खिळ्याला अडकवलेल्या, कान तुटलेल्या दोन कपांकडे बोट दाखवलं. गंगाराम उठला. ओरडला नाही, काही नाही. पोराचा हात धरून तो पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेला आणि तिथं ओंजळीनं पाणी प्याला, पोरालाही पाजलं. त्यानंतर मरेपर्यंत तो बाहेर चहा प्याला नाही. चहा मला सोसत नाही, पित्त होतं, असं सांगायचा. घरी मात्र पितळीभर प्यायचा. शिव्या देणारी माणसं परवडतात, त्यांच्यापासून लांब राहता येतं. हसत बोट दाखवणाऱ्याचं काय करायचं, हे बापानं त्याला शिकवलं नव्हतं, कारण त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

आणि मग कप आठवू लागले. न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या कपांचा सेट होता दादासोकडे, आहेरात आलेला, पांढरा, निळ्या काठाचा. त्यातल्या एका कपाला कानापाशी पिवळट डाग होता. हा डाग आपल्याला इतका नीट कसा माहीत? म्हणजे तोच कप आपल्याला मिळत असणार. का डाग होता म्हणून तेवढ्याच वेळचा लक्षात राहिला आणि बाकीचे विसरले? बुधवारी कुठला होता? बुधवारी तो चहा चव न घेता प्याला होता, कप पाहिलाच नव्हता. नेमका त्याच दिवशी. शुक्रवारी कंपनीत त्याच्या हातून एक चांगला तुकडा नापास झाला आणि शेजारच्यानं तो उचलून परत पास केला. दादासोचंही त्याला सगळं आठवून गेलं. एकदा गालिचा झटकता झटकता दादासोनं सांगितलं होतं, की त्याच्या चुलत्याची, आबाजींची मेंढरं याच शेडमध्ये बसायची, आणि शाळेत त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही, मेंढराचा वास मारतो म्हणून. सांगताना तो हसत होता. तेव्हा संघपालला तो फार जवळचा वाटला होता. आता वाटलं, वास धुतला की जातो. तो मंडपवाला झाला, गालिचेवाला झाला, वास गेला. माझं काय धुवायचं होतं? आपला राग खरा आहे का पाळलेला आहे, हे कळेना. पण तो आला होता, आणि आलेल्या रागाला कुठं तरी बसायला जागा हवी होती.

त्याच संध्याकाळी बारामतीच्या घरी, गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून त्यानं शर्यतीचे चार टायर चिकटवायला घेतले. माळेगावच्या बाजूनं मळीचा वास येत होता, साखर कारखान्याचं गळीत जोरात होतं. मागचे दोन झाले. पुढचा उजवा झाला. पुढचा डावा त्यानं हातात घेतला, कडेनं गोंद सोडत फिरला, आणि बाहेरच्या बाजूला अंगठ्याएवढी जागा तशीच सोडली. हात चुकला नव्हता. त्यानं पाहिलं, जागा कोरडी होती, आणि त्यानं ट्यूबचं टोपण लावून टाकलं. पहिल्या एकदोन फेऱ्यांत काही झालं नसतं. मग वेगातल्या उजव्या वळणावर सगळा भार त्या टायरावर आला असता, कड सुटली असती, आणि गाडी पुणेकरांसमोर पुन्हा एकदा उताणी. आयुष्यात त्यानं सदोष तुकडा जाणूनबुजून पुढं जाऊ दिला नव्हता. त्याची त्यानं स्वतःला कारणंही दिली. ही परीक्षा आहे. दादासोनं टायर तपासून घेतले तर त्याचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणजे माझा संशय खरा. नाही तपासले तर होईल ते होईल. दोन्ही टोकांनी दादासोच नापास होत होता, आणि गेज तयार करणारे आपणच, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ध्यानात येऊनही त्यानं टायरांना तेल लावलं, ते पिशवीत घातले आणि हात धुवायला गेला. साबणानं दोनदा धुतले तरी बोटांना गंधपुऱ्याचा वास राहिलाच.

शनिवारी त्यानं अर्धा दिवस सुट्टी टाकली. पिंपळीच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि स्कूटर तिच्या कडेनं रेंगाळत काढावी लागली. डिकीत टायर होते. त्याला सारखं वाटत होतं, परत फिरावं, आणि सारखं वाटत होतं, का म्हणून आपणच परत फिरायचं. दादासो घराला लागूनच असलेल्या शेडच्या दारात गाडी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवी दिसताच त्याचा चेहरा खुलला. त्यानं टायर बाहेर काढले, एका स्वच्छ फडक्यात धरून. पूर्वी संघपालला हे फडकं काळजीचं वाटायचं. आज वाटलं, हे फडकं टायरांसाठी, का याच्या हातांसाठी? दादासोनं एकेक टायर गाडीला लावला, नट आवळले. कड दाबून पाहिली नाही, उजेडात धरून पाहिला नाही. संघपालच्यानं राहवेना. "बघून तरी घे एकदा," तो म्हणाला. दादासोनं मान वर केली. त्याला प्रश्नच नीट कळला नसावा. "तू लावल्यात नव्हं," तो म्हणाला आणि पुढचा नट शोधू लागला.

तानूबाई दोन कप घेऊन आल्या. घ्या वो संघपालराव म्हणत त्यांनी उजव्या हातातला त्याच्यापुढं केला. कानापाशी पिवळट डाग होता. संघपालनं कप घेतला, आणि अगदी साधं काहीतरी करावं तसं त्यानं दादासोच्या हातातला कप काढून घेतला व आपला त्याच्या हातात दिला. याच्यात साखर कमी वाटते, मला चालते, असं काहीतरी तो पुटपुटला. दादासोचं लक्ष नटांत होतं. त्यानं कप तोंडाला लावला. संघपाल त्याच्या ओठांकडे बघत होता, इतकं टक लावून त्यानं कधी बायकोकडेही पाहिलं नसेल. दादासोनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आयला, च्या हाय का टायर धुतल्यालं पाणी?"

"आरं त्यो त्येंचा कप हाय," तानूबाई म्हणाल्या. त्या गांगरल्या नव्हत्या. "म्हणून तर येगळा ठिवते. त्या मालिशच्या तेलाचा हात लागतुया, त्यो वास कपात जाऊन बसलाय. राखंनं घासला, लिंबू लावलं, जाईना. दुसऱ्या कुणाला दिला तर त्येच्या तोंडाची चव जाती."

दादासो हसला आणि उरलेला चहा पिऊ लागला. संघपालनं हात पुढं करून त्याच्याकडून कप घेतला आणि नाकाशी नेला. चहाच्या खालून, प्लॅस्टिकमध्ये मुरलेला, गंधपुऱ्याचा वास येत होता. त्याचाच वास. डागही तेलाचाच असणार, कानापाशी, बोटं लागतात तिथं. म्हणजे बुधवारी आईनं कपाचं विचारलं होतं आणि पोरानं टायरांचं सांगितलं होतं. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि लाजही वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली, तळाशी, तपासणी खात्यातला माणूस अजून जागाच होता. कारण खरं होतं. पण खरं कारण म्हणजे पहिलं कारण नव्हे. तेल तर गेल्या वर्षातलं. त्याआधी? त्यानं कप दादासोला परत दिला आणि विचारलं. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. "मावशी, कधीपासून वेगळा ठेवताय?"

तानूबाईंनी पदरानं कपाळ टिपलं आणि प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "काय म्हाइत बाबा," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनंच आसंल."

बाहेर रस्त्यावर उसाची गाडी कुरकुरत गेली. पहिल्यापासून म्हणजे तेलाच्या पहिल्यापासून, का त्याच्या येण्याच्या पहिल्यापासून, का त्याच्याही आधीपासून, हे विचारता आलं असतं. पण तानूबाईंनाच ते ठाऊक नव्हतं, हे त्याला त्यांच्या तोंडाकडे बघून दिसलं. बाईनं काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे हेही तिला कधी वाटलं नव्हतं. दादासोचा हात नटावर थांबला होता. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा संघपालकडे, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. म्हणजे त्याला समजलं होतं. त्यानं माफीबिफी काही मागितली नाही. त्यानं कपातला शेवटचा घोट घशाखाली घातला, कप आईकडे दिला आणि म्हणाला, "आये, आता ह्येला माझा बी वास लागला. माझा कप बी तितंच ठिव. ह्येच्या शेजारी."

तानूबाई म्हणाल्या, खुळा का काय ह्यो. मग संघपालकडे वळल्या आणि कंटाळून, पोराला बोलावं तसं बोलून गेल्या, "आन तू बी हात धुऊन येत जा रं." तू. बापाला शेंबडी पोरंही 'तू' म्हणायची, ए गंग्या म्हणायची, आणि हाच 'तू' दादासोच्या मित्रांना मिळायचा, धपाट्यासकट. कानाला दोन्ही सारखेच लागतात. संघपालनं तो शब्द हातात आलेल्या तुकड्यासारखा क्षणभर तोलला, आणि त्याला जाणवलं की याला लावायला गेज नाही, आणि आपण दमलो आहोत. "व्हय मावशी," तो म्हणाला. गावातलं 'व्हय' त्याच्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघालं.

त्या दोन्ही कप घेऊन आत गेल्या. संघपाल खाली बसला आणि दादासोच्या मांडीवरची गाडी त्यानं आपल्याकडे ओढली. पुढच्या डाव्या टायरचा नट सोडवला, खिशातून गोंदाची ट्यूब काढली. ती त्यानं सकाळी निघताना खिशात का टाकली होती, हे त्यानं तेव्हाही स्वतःला विचारलं नव्हतं. दादासो म्हणाला, काय झालं, आता तर लावला. "एक जागा राहिली होती," संघपाल म्हणाला, "माझ्याकडून." दादासोनं कड अंगठ्यानं उचलून ती कोरडी जागा पाहिली. इतकी सारखी, इतकी नेमकी जागा चुकून राहत नाही, हे त्याच्यासारख्या माणसाला कळणार नाही असं नव्हतं. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग कड सोडली, टायर संघपालच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "दाबून धर."

संघपालनं थेंब सोडला आणि अंगठ्यानं कड दाबून धरली. आत तानूबाई कप विसळत होत्या. नळ बंद झाला. एक कप मांडणीवर ठेवल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं दुसऱ्याचा. शेजारी ठेवला का लांब, ते शेडमधून कळण्यासारखं नव्हतं. उठून चार पावलं गेलं असतं तर दारातून मांडणी दिसली असती. दादासोही आवाजाच्या दिशेनं बघत होता, त्याचेही कान तिकडेच होते. संघपाल उठला नाही. गोंद धरेपर्यंत हात हलवायचा नसतो.